टिप न घेणारं हॉटेल

वेटरच्या धंद्यात हसरेबुवांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे नाव सोबतच्या वेटरांनीच पाडलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत बुवा हसलेले असत, आणि पगार नावापुरता असला तरी टिपांवर घर चालवून दाखवत. आता चौकातल्या नव्या हॉटेलच्या मालकिणीने त्यांना कामाला बोलावलं होतं. तिच्याकडे पगार भरपूर, पण टिप घ्यायची नाही. तसं दारावरच लिहिलेलं. हो की नाही ते सोमवार दुपारपर्यंत कळवायचं होतं, आणि आज सोमवारच होता.

"टिप नाही तर माणूस हसेल कशाला?" बुवांना राहून राहून हेच कोडं पडलं होतं.

त्यांची बायको शिवणकाम करायची. तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? आज सुट्टी आहे ना तुम्हाला? जेवूनच बघू या."

हॉटेलात बसल्यावर बुवांचं लक्ष जेवणाकडे नव्हतंच. एक पोक्त वेटर बाई आली, पाणी ठेवलं, हसली नाही. कपाळाला आठीही नव्हती. बुवांनी मनातल्या मनात दहापैकी चार गुण दिले. कोपऱ्यात एक महागडा कोट बसला होता आणि खिडकीशी एक रंगारी, बाह्यांवर वाळलेले डाग घेऊन. बाई आधी रंगाऱ्याकडे गेली, कारण तो आधी आला होता. बुवा चमकले. कोट दिसला की त्यांचे पाय आपसूक तिकडे वळत, हे त्यांना आजवर खटकलंही नव्हतं.

"मासे द्या," बुवा म्हणाले.

"आज नका घेऊ. मनासारखे आले नाहीत," बाई म्हणाली. "डाळीचं सूप चांगलं झालंय. स्वस्तही आहे."

बुवा बघतच राहिले. बिल फुगलं की टिप फुगते, हे वेटरला कोणी शिकवावं लागत नाही. त्यांनी स्वतः असले मासे 'आत्ताच आलेत' म्हणून किती जणांच्या गळ्यात मारले असतील, देव जाणे.

"हसत नाही, पण खरं बोलते," बायको हळूच म्हणाली. "तुमचं उलटं आहे, अहो."

बुवांना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. सूपही खरंच चांगलं होतं.

उठताना सवयीने त्यांनी ताटलीखाली एक नोट सरकवली. दाराशी पोचतात तोच बाई मागून आली. "काका, हे राहिलं तुमचं."

"तुमच्यासाठीच आहे."

"नको. मला पगार मिळतो."

तोंडात मारल्यासारखं झालं बुवांना. त्या भरात त्यांनी खोचून विचारलं, "आणि ताप आला तर?"

"ताप आला तर काय?" बाईला प्रश्नच कळला नाही. "घरी झोपते."

"मग पगार?"

"तो काय तापाने वितळतो?"

गेल्या थंडीत बुवा तापाने फणफणत असताना कामावर गेले होते. शनिवार-रविवार बुडवून घर चालणार नव्हतं. ताटं वाहत होते आणि हसत होते. एका गिऱ्हाइकाने खूश होऊन दुप्पट टिप ठेवली, तिचीच बायकोने औषधं आणली. तेव्हा ती रडली नव्हती. आत्ता मात्र तिने पदर डोळ्यांना लावला.

बुवांनी ते पाहिलं. सवयीप्रमाणे हसून वेळ मारून न्यावी म्हणून त्यांनी ओठ ताणले, पण हसू काही येईना. बाई शांतपणे त्यांच्यासमोर नोट धरून उभी होती.

बुवांनी ती घेतली. "मालकीणबाई आत आहेत का?" त्यांनी विचारलं.