तरुण संघाची ढोलकी

मी ढोलकी बोलतेय. नाव ऐकूनच तुमचा पाय हलायला लागला असेल तर खुशाल हलू द्या, पण मी फडावरची नाय हं, मी देवळातली आहे. छावणी सोडून पडेगावच्या रस्त्याला लागलं की एक छोटं दगडी मेथडिस्ट चर्च दिसतं. आमची माणसं त्याला देऊळच म्हणतात. त्या देवळाच्या तरुण संघाची मी ढोलकी. एवढी वर्षं इथं काढली, आणि आत्ताआत्तापर्यंत माझं काय करायचं यावर बैठका चालल्या होत्या.

त्याचं असं झालं, की यंदा तरुण संघाचा सुवर्णमहोत्सव आहे. पोरांनी ठरवलं की हॉलमध्ये काचेचं मोठं कपाट करायचं, त्यात जिंकलेल्या ढाली आणि जुने फोटो मांडायचे आणि मधोमध मला बसवायचं. वरून दिवा सोडणार म्हणे. कुलूपही लावणार. आणि दुसरीकडून वेरूळजवळच्या एका वस्तीवरची मंडळी, म्हणजे तिथला उपासकांचा गट, मला मागत होती. तिथं चार घरं मिळून उपासना करतात, टाळ्या पिटून गाणी म्हणतात, वाद्य म्हणून त्यांच्याकडं काही म्हणता काही नाय. काच का वस्ती, हे ठरायचं होतं. मला तर वाजायचं होतं. पण मला कुणी विचारलं नाय, म्हणून तुमच्यापाशी बोलतेय.

माझा जन्म शहागंजातला. रशीदचाचांचं दुकान एवढुसं, गिऱ्हाइकाला बाहेर उभं राहूनच बोलावं लागायचं. त्यांनी आंब्याचं खोड कोरून माझं अंग केलं, एका तोंडाला शाई भरली, दुसऱ्याला आतून मसाला लावला, दोऱ्या ओवल्या, त्यांचा ताण कमीजास्त करायला कड्या घातल्या. मला न्यायला आले ते दोघं, शांतवन आणि विशाखा. शांतवन तरुण संघाचा सेक्रेटरी, विशाखा कॉलेजात नुकतीच गेलेली. वर्गणी काढून आले होते. चाचांना वाटलं वाजवणार तो पोरगा, म्हणून मला त्याच्या हातात दिलं. त्यानं मला तशीच विशाखाकडं सरकवली. चाचांनी एकदा तिच्याकडं बघितलं, हसले आणि म्हणाले, "बेटी, इसकू हल्लू बजाना नक्को. खुल के बजाना."

तिनं ते फारच मनावर घेतलं.

देवळात माझं स्वागत काही हारतुऱ्यांनी झालं नाय. तिथली पेटी साहेबरावकाका वाजवायचे. शाळेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा पांढरा सदरा, रविवारी सगळ्यांच्या आधी हजर. मला बघून त्यांनी नाक असं मुरडलं की बस. उपासनेत हे तमाशाचं वाद्य वाजणार असेल तर मी पेटी बंद करतो, म्हणाले. वाजवणार पोरगी आहे हे कळल्यावर तर त्यांनी कपाळालाच हात लावला. तेव्हा देवळातल्या बायकांच्या वनिता समाजाच्या मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. गळा देवानं दिला तर हात काय सैतानानं दिले व्हय, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. साहेबरावकाका तरी मानले नाहीत.

शेवटी पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. ढोलकी राहील, पण शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये, तरुण संघापुरती. देवळात रविवारी नाय. शिवाय ईस्टरच्या आधीचा जो उपासाचा काळ असतो, लेंट म्हणतात त्याला, तेवढे दिवस तिला कापडात बांधून कपाटात ठेवायची. कुणी उपासाला मटण सोडतं, कुणी चहा सोडतं. आमच्या संघानं मला सोडायची. मला रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

पण ते शनिवार! बैठक सहाची असली की पोरं साडेसहाला यायची आणि सातला म्हणायची, चला आता सुरू करू. आधी प्रार्थना, मग वचनांचं पाठांतर, मग गाणी, आणि शेवटी चिवडा. चिवड्याची बशी माझ्या डोक्यावर ठेवणाऱ्या पोराला विशाखानं एकदा असा धपाटा घातला होता की तो पुढचे दोन शनिवार आला नाय. नाताळच्या आधी आम्ही घरोघरी गायला जायचो. शांतवन पुढं कंदील घेऊन, मी विशाखाच्या गळ्यात. ईस्टरच्या आधी संघ दफनभूमीतलं गवत काढायचा. रक्तदानाला तर आमची पोरं रांग लावायची. सुई बघून शांतवनलाच चक्कर आली, ते अजून सगळे सांगतात. मी तर म्हणते, माणसं चांगली कामं करतात तेव्हा दमतात कमी आणि खिदळतात जास्त.

मग जालन्याच्या युवक मेळाव्याचं निमंत्रण आलं. कुठल्या कुठल्या गावांच्या मंडळ्या येणार, गायनाची स्पर्धा होणार, पहिल्या नंबराला ढाल. आमच्यात सूर होते, ढोलकी होती, पण पेटी वाजवणारं कुणी नव्हतं. पेटीला साहेबरावकाकांशिवाय दुसरं कोण? शांतवन त्यांच्या हातापाया पडला. ते आले, पण एका अटीवर. स्पर्धेत ढोलकीमुळं मंडळीची मान खाली गेली, तर ढोलकी परत शहागंजला.

आता अडचण बघा. मेळावा ईस्टरनंतर लगेच आणि तालीम नेमकी लेंटमध्ये. मी कापडात. विशाखानं नियम मोडला नाय. मांडीवर वाजवायची, बाकावर वाजवायची, घरी पिठाच्या डब्यावर वाजवायची आणि आईच्या शिव्या खायची. बाकीची पोरं छातीवर, गुडघ्यावर ताल धरायची. मी कपाटातून ऐकायचे आणि जळायचे.

ईस्टर झाला, मला सोडलं. आणि तिथंच घोळ झाला. नाताळात मी झकास लागले होते, म्हणून विशाखानं माझ्या कड्या जिथं होत्या तिथं दोऱ्यांवर लाल नेलपॉलिशच्या खुणा करून ठेवल्या होत्या. मधला लेंटचा सगळा काळ तिनं मला हात लावला नव्हता. मला काढलं आणि तिनं कड्या बरोबर त्या खुणांवर आणल्या. अगं बाई, त्या खुणा थंडीतल्या! आता एप्रिल चाललाय, मराठवाड्याचं ऊन आहे, कातडं आपलंआपण ताणतंय. त्यात मला जीपच्या टपावर बांधून जालन्याला नेली.

गाणं छान रंगलं होतं. दुसऱ्या कडव्याला विशाखानं थाप मारली आणि माझं शाईचं तोंड टरकन फाटलं. साऱ्या मांडवात ऐकू गेलं. पुढं बसलेली दोन पोरं फिदीफिदी हसली. विशाखाचा हात तसाच वर राहिला आणि तिचा चेहरा, नको, तो मला आजही आठवू नये असं वाटतं. मला वाटलं संपलं. माझं देऊळ संपलं आणि ह्या पोरीचं वाजवणंही संपलं.

पण गाणं थांबलं नाय. शांतवननं छातीवर हात मारला, त्याच्या मागं सगळ्यांनी. लेंटभर तेच तर केलं होतं त्यांनी. आणि त्या सगळ्यांत एक आवाज वेगळा येत होता, ठक ठक, लाकडाचा. साहेबरावकाका एका हातानं सूर धरून दुसऱ्या हातानं पेटीच्या पाठीवर ताल देत होते. भाता ओढायला हात उरला नव्हता, म्हणून शेजारची पोरगी धावत येऊन भाता ओढायला लागली. विशाखानं मला बाजूला ठेवलं, उभी राहिली, टाळ्या वाजवत शेवटपर्यंत गायली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ताल सोडला नाय.

दुसरा नंबर आला. ढाल नाय मिळाली. परतताना जीपमध्ये मी विशाखाच्या मांडीवर, फाटक्या तोंडानं. बदनापूर मागं गेल्यावर साहेबरावकाका म्हणाले, "उद्या शहागंजला जातो. नवं कातडं चढवून आणतो."

विशाखानं हळूच विचारलं, "परत द्यायची नाय?"

"परत कशाला? ढोलकीबिगर गायचं व्हय आता आपण?"

त्यांनी मला खरंच स्वतः नेलं. आणि आणल्यावर हॉलमध्ये ठेवलं नाय. रविवारी सकाळी देवळात पेटीच्या बाजूला चटई टाकली, तिच्यावर मला ठेवलं आणि विशाखा येईपर्यंत कुणाला बसू दिलं नाय तिथं. तेव्हापासून लेंट सोडून प्रत्येक रविवारी मी वाजले. पुढच्या मेळाव्यात ढाल आणली, त्याच्या पुढच्यातही आणली. साहेबरावकाका गेले तेव्हा देवळात विशाखानं मला इतकी हळू वाजवली होती की मलाच माझा आवाज ओळखू आला नाय.

ती पोरं आता कुठं कुठं पांगली. शांतवन पुण्याला, कुणी आखातात, दोघी-तिघी परगावी नर्स. विशाखा मात्र इथंच राहिली. घाटी दवाखान्यात नर्स आहे आणि संघाची मार्गदर्शक. केसांत पांढरं आलंय. पोरांना ओरडते तेव्हा अगदी साहेबरावकाकांसारखी दिसते, पण हे तिला सांगायची कुणाची छाती नाय.

आताचा सेक्रेटरी प्रणय. गुणी पोरगा आहे. कीबोर्ड घेतला त्यानं, त्यातूनच ताल निघतो. एक बटण दाबलं की ढोलकी, दुसरं दाबलं की तबला. करोनात ह्याच पोरांनी घरोघर डबे पोचवले, म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाय. पण कीबोर्ड आल्यापासून मी पाळकसाहेबांच्या खोलीत कपाटावर होते. पाल अंगावरून गेली तर तेवढाच काय तो आवाज.

काचेच्या कपाटाची कल्पना प्रणयची. पण त्याला सगळ्यांत आधी हो म्हणाली ती विशाखा, हे मला फार लागलं. वस्तीवर नेली तर कुठंही पडेल, पावसात भिजेल, लेकरं आपटतील, असं ती बैठकीत म्हणाली. माझ्यावर जीव आहे तिचा, ठाऊक आहे मला. पण अगं, जीव आहे म्हणून कुलपात घालतेस?

गेल्या रविवारी वस्तीवरचे कडुबा आणि त्यांची बायको चंपाबाई उपासनेला आले होते. कडुबा मेंढरं राखतात, चंपाबाई मजुरीला जाते. कपाटासाठी पुसायला म्हणून विशाखानं मला खाली काढलं होतं आणि बाकावर ठेवून ती फडकं आणायला गेली. चंपाबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मला सरळ मांडीवर घेतलं. उलटीच घेतलं, शाई डाव्या हाताला. बाई डावखुरी! आणि मग तिनं जे काय बडवलं म्हणता! ना ताल, ना लय. पण मी वाजत होते हो. माझ्या अंगातली धूळ उडत होती.

विशाखा धावत आली. मला वाटलं आता हिसकावणार. चंपाबाई घाबरून मला खाली ठेवायला लागली. विशाखा तिच्याकडं बघत राहिली, मग शेजारी बसली. "मावशी, मनगट सैल सोडा," म्हणाली. चंपाबाईनं सोडलं. "आता बोटांनी. भिऊ नका, खुलून वाजवा." बराच वेळ चाललं त्यांचं. प्रणय कपाटाचं माप घ्यायला टेप घेऊन आला होता, तो दारातच थांबला.

विशाखा त्याला म्हणाली, "प्रणय, कपाटात ढाली ठेवा. ही जाईल वस्तीवर."

"ताई, पण तुम्हीच तर—"

"व्हय, मीच म्हणले होते. आता मीच नाय म्हणते."

ऐकताना माझ्या दोऱ्या सैल पडल्या म्हणा ना.

आज सकाळी निघाले. मंडळीनं प्रार्थना केली, प्रणयनं फोटो काढला, कपाटात तो लावणार आहे. आता जाताजाता तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात, देवळात, शाळेत कपाटावर माझ्यासारखं कुणी बसलं असेल तर त्याला खाली काढा. वाजवता येत नसेल तर कुणाकडून शिका, नाहीतर ज्याला हवंय त्याला देऊन टाका. आम्हाला मान नको असतो हो, हात हवा असतो.

रिक्षा फाटकाशी उभी होती. सगळ्यांनी मला थोपटलं, विशाखानं तेवढं नाय. हात पाठीमागं बांधून उभी राहिली. हात लावला असता तर तिनं सोडलं नसतं मला, आणि मीही गेले नसते. कडुबा म्हणाले, ढोलकी मागं सामानात टाकू. चंपाबाईनं ऐकलं नाय, मांडीवरच घेतलं.

पडेगाव ओलांडायच्या आत तिनं वाजवायला सुरुवात केली. कडुबा म्हणाले, चुकतंय की गं. ती म्हणाली, चुकू दे. आणि खरंच लई चुकत होती बाई, पण मला काय सांगू, केवढं बरं वाटत होतं.