शून्य करून टाक!

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो म्हणतो ते रीत म्हणून. माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

माझे सुटे भाग एका टेबलावर जोडले गेले आणि मी थेट प्रयोगशाळेत आलो. हृदयाच्या पेशीत क्षणोक्षणी किती कॅल्शियम येतं-जातं, याची समीकरणं मी सोडवायचो. एका क्षणाच्या आकड्यावरून पुढच्या क्षणाचा आकडा काढायचा. मधल्या अंतराला आमच्याकडे पाऊल म्हणतात. पाऊल लहान ठेवलं की वेळ लागतो, फार मोठं टाकलं की तोल जातो. सुरुवातीला सगळे माझं तोंडभरून कौतुक करत.

मग प्रमुख म्हणून उरकसाहेब आले. 'उरका!' याखेरीज त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नसे. एका नव्या औषधाने पेशीची लय बिघडते का, हे पाहायचं होतं. त्यांनी पाऊल एवढं वाढवलं की कॅल्शियम चक्क उणे आलं! मित्रांनो, डब्यात साखर नाही हे समजतं; उणे साखर कशी असेल? गणित घसरलंय, हेच मी ओरडून सांगत होतो.

"उणे आलं की शून्य करून टाक," साहेबांनी हाताखाली काम करणाऱ्या भाचीला फर्मावलं. तिने मुकाट्याने तशी ओळ माझ्यात लिहिली.

आलेख कसा गुळगुळीत आला. औषध निर्धोक ठरलं. माझ्या नावावर खोटं खपवलं, याची मला विलक्षण चीड आली.

भाचीलाही ते पटलं नव्हतं. तिने ती ओळ खोडली, पाऊल लहान केलं, आणि मी सगळा दिवस घरघरत राबलो. उणे आकडे गेले. औषध दिलेली पेशी मध्येच अवेळी ठोका देत होती.

"डबा म्हातारा झालाय, काहीही बरळतो," साहेब बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले. "माणसांवर चाचणी सुरू करा. उरका!"

"मामा, मामीचं हृदय अशक्त आहे," भाची म्हणाली. "पहिली गोळी तिला द्याल?"

साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी चाचणी थांबवली, आणि जाता जाता शिपायाला म्हणाले, "हा डबा भंगारात टाक."

आता मी जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांबरोबर पडलोय. येणारे-जाणारे माझ्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवा खुशाल. माझी धूळही पुसू नका, तुमची दया मला नको. फक्त माझ्या जागी जो येईल, त्याने उणे आकडा दाखवला तर त्याचं तोंड दाबू नका. गोळी शेवटी कुणाच्या तरी मामीलाच घ्यायची असते.