मोठ्या भाऊजींचा खोकला

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला खोकला होता.

पलीकडे माझे मोठे दीर राहतात. एकेकाळी हे सगळं एकच घर होतं. भावाभावांचं फाटलं तेव्हा दोघांनी रागाच्या भरात मधोमध पातळ प्लायवूड ठोकलं आणि त्यालाच भिंत म्हणायचं ठरवलं. बोलणं बंद, येणंजाणं बंद. भाऊजींचा जुनाट खोकला तेवढा बिनदिक्कत इकडे येत राहिला.

मी घरी बसून फोनवर लोकांच्या फ्रिजच्या तक्रारी घेते. माझं टेबल या बाजूला, त्यांचा पलंग नेमका त्याच्या पलीकडे. समोरचा माणूस बर्फ होत नाही म्हणून करवादत असायचा आणि मध्येच म्हणायचा, मॅडम, आधी तुम्ही औषध घ्या. एकाने तर माझीच तक्रार केली. कंपनीतल्या आमच्या वरच्या बाईंनी बजावलं, पुन्हा मागे आवाज आला तर काम गेलं म्हणून समजा. नवऱ्याला म्हटलं, भावाला पलंग हलवायला सांगा. तर म्हणे, मी त्याच्याशी बोलत नाही. जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

शेवटी सुतार बोलावला. टेबलापुरतं करा म्हटलं, तर म्हणाला, आवाज बाजूने वळसा घालून येईल, अख्खी भिंत झाकावी लागेल. मग पुढच्या खोलीतली सासूबाईंची खाट हलली, कपाट हललं, घरभर भुसा झाला. त्याने चौकट ठोकली, आत लोकरीसारखे जाड थर भरले, वर दुहेरी बोर्ड लावून फटी बुजवल्या. खोली वीतभर आत आली. कपाटाचं एकच दार आता उघडतं. त्यामागे नवऱ्याचे शर्ट आहेत, माझे कपडे दुसऱ्या दारामागे.

पण खोकला बंद झाला. तो दिवस मी राणीच्या थाटात लोकांची गाऱ्हाणी ऐकली.

दुसऱ्या दिवशी ऐन बोलण्यात सासूबाई दारात उभ्या. कालपासून थोरला खोकलेला नाही, जाऊन बघतेस का, म्हणाल्या. मी माइक बंद करून त्यांना बोर्ड, लोकर, सगळं समजावलं. मान डोलावून गेल्या आणि जरा वेळाने परत आल्या. मग नव्या भिंतीवर काठी आपटून बघायला लागल्या. ग्राहकाने विचारलं, तुमच्याकडे तोडफोड चालू आहे का? आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. एवढी काळजी आहे तर स्वतः जा ना बघायला, मी चिडून बोलले.

त्या खाटेवर बसल्या. "त्याच्या दारात जायला मला तोंड नाही गं. वाटणीच्या वेळी मी तुमची बाजू घेतली. खोकला ऐकला की कळायचं, आहे."

हे इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि सांगितलं कधी, तर भिंत झाल्यावर. मला रडू येत होतं आणि रागही. त्याच तिरमिरीत जाऊबाईंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "आई बऱ्या आहेत ना? कालपासून त्यांची काठी ऐकू येत नाही."

आता रोज दुपारी जाऊबाई इकडे फोन लावून तो तसाच चालू भाऊजींच्या उशाशी ठेवतात आणि नवऱ्याचा जुना फोन इकडे सासूबाईंच्या उशाशी असतो. आवाज अगदी वर. कमी केला तर तो लांब गेल्यासारखा वाटतो, असं सासूबाईंचं म्हणणं.

आज एक बाई फ्रिजचं दार लागत नाही म्हणून सांगत होत्या. पुढच्या खोलीतून, फोनमधून, दार ओलांडून तोच खोकला आला, पूर्वीपेक्षा मोठा. आमचं बोलणं वरच्या बाई ऐकतात.

"कोण खोकतंय हो?" त्या बाईंनी विचारलं.

लाइनमध्ये बिघाड आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"मोठे भाऊजी," मी म्हटलं. "आमच्या घरातलेच आहेत."