चाळीसचा आयपीस

माझा नवरा सुधीर रागावला की ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. तो नुसता चष्मा काढतो, पुसतो आणि परत लावतो. डिसेंबरातल्या त्या रविवारी, माझ्या भावानं अमेरिकेहून आणलेला खोका उघडल्यावर सुधीरनं तीनदा चष्मा पुसला. तेव्हाच मी ओळखलं, आपलं काहीतरी चुकलंय.

आता मुळापासून सांगते. सुधीरनं दोन वर्षं खपून घरी बारा इंची दुर्बीण बनवली. आरसा स्वतः घासला. गॅलरीत पाण्याचं पिंप, त्यावर काच, आणि हा भोवती गोल गोल फिरतोय. शेजारच्या बाई मला एकदा हळूच विचारून गेल्या, "नंदिनी, हे कसलं व्रत गं, पिंपाला प्रदक्षिणा घालायचं?" मी म्हटलं, "संततीसाठी नाही हो, संतती आहे. हे चांदण्यांसाठी." तर अशी ती प्लायवूडची, तोफेसारखी दुर्बीण नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीत राहायला आली. मोटार-बिटार काही नाही, चांदण्या सरकल्या की हातानं ढकलायची.

एवढं सगळं केलं, पण डोळा लावायचा आयपीस मात्र जुन्या मायक्रोस्कोपचा, चोरबाजारातून आणलेला. मसुरीएवढं भोक त्याला. त्यातून आकाशाचा एवढासाच तुकडा दिसायचा. कृत्तिकांचा पुंजका लावला तर दोन चांदण्या आत आणि बाकीच्या बाहेर. आणि सुधीरला आपल्या आईला कृत्तिकाच दाखवायच्या होत्या, अख्ख्या, एका नजरेत. लहानपणी मुरुडला खळ्यात गोधडीवर निजवून त्यांनीच त्याला त्या मोजायला शिकवल्या होत्या. म्हणून मग रुंद आकाश दाखवणारा चांगला आयपीस आणायचा ठरला. तीन महिने याचा अभ्यास! कुठला मासिकाचा कागद आण, कुणाला पत्र लिही. शेवटी फ्रिजवर चिठ्ठी लागली: बावीस मिलिमीटर. माझा भाऊ आशुतोष ऑफिसच्या कामाला अमेरिकेला निघाला, त्याच्या खिशातही तसलीच चिठ्ठी.

मधेच एक गोष्ट सांगते, जी सुधीरला ठाऊक नव्हती. सासूबाईंची मान हलते. गेली चार वर्षं, सारखी, बारीक बारीक; तेवढं त्यालाही माहीत होतं. दिवाळीच्या सुमारास सुधीरनं शनी लावला आणि सगळ्यांना दाखवला. मग कुणाचं तरी पोर दुर्बिणीत काही टाकेल म्हणून त्यानं तिच्या तोंडावर परात झाकली आणि तो पोरांना हाकलायला गेला. तेवढ्यात सासूबाई स्टुलावर बसल्या, दोन सेकंद डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई! काय सुरेख कडं आहे!"

परात तशीच होती. जिना उतरताना लक्षात आलं. म्हणजे आजवर त्यांना त्या हलत्या मानेनं मसुरीएवढ्या भोकातून काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. पोराचं मन मोडू नये म्हणून ती बाई दरवेळी नुसतं कौतुक करत होती. आणि पोरगा फुशारून जात होता. कुणाला सांगणार? सुधीरला सांगितलं असतं तर त्यानं दुर्बीणच मोडीत काढली असती. मी गप्प बसले, जे मला जन्मात जमत नाही.

मग फोन आला. सकाळचे साडेसात, सुधीर आंघोळीला, अंगाला साबण. आशुतोष तिकडच्या दुकानातून बोलत होता, मागे दुकान बंद करायची घाई.

"ताई, बावीसचा आहे. पण शेजारी चाळीसचा पण आहे. आकडा जवळजवळ दुप्पट, वर स्वस्त. भाओजींना विचार पटकन."

आता तुम्हीच सांगा. मी चिपळूणची. आमच्याकडे शाळेचा गणवेश दोन बोटं नाही, दोन इयत्ता मोठा शिवतात. चप्पल घ्यायची तर पुढे कापूस कोंबता येईल अशी. वाढत्या अंगाचं घ्यावं, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. मी बाथरूमचं दार कशाला वाजवू?

"चाळीस घे," मी म्हटलं. "एकदाच घ्यायचं तर मोठं घे."

आणि ऐटीत फोन ठेवला. सुधीरला सांगितलंही नाही. म्हटलं, खूश होईल, सरप्राइज.

कसलं खूश! चष्मा तिसऱ्यांदा लावून तो शांतपणे म्हणाला, "नंदिनी, आपला आरसा फास्ट आहे, म्हणजे आखूड पल्ल्याचा. चाळीसमधून उजेडाची शलाका बाहेर पडेल ती नऊ मिलिमीटर जाड. माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारातसुद्धा पाच-सहा. बाकीचा उजेड गालावर सांडणार. बादलीनं बाटलीत पाणी ओतण्यातला प्रकार. शिवाय कडेच्या चांदण्या फिसकटणार, आणि इथलं उजळ आकाश आणखी करडं दिसणार."

"मग चिठ्ठीत हे लिहायचं होतंस," मी म्हटलं. आवाज चढला होता, पण खरं सांगते, रडू येत होतं. तीन महिन्यांची त्याची मेहनत मी एका वाक्यात पाण्यात घालवली होती. आशुतोष पुन्हा कधी जाणार, देव जाणे. "निदान लावून तर बघ. नाही आवडला तर मी त्याचा पेपरवेट करीन."

संध्याकाळी साडेसातला गच्चीवर गेलो आणि सुधीरनं नवा आयपीस बसवून कृत्तिका लावल्या. सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह भोसले, मूळचे साताऱ्याचे, दिवा बंद करायला आले आणि पहिला नंबर लावून बसले.

"वैनी, कडंच्या चांदण्यांना शेपट्या फुटल्यात की!" ते म्हणाले. सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. "पर मधलं झ्याक हाय हां."

मग सासूबाई. स्टुलावर उशी ठेवून मी त्यांना बसवलं. त्यांनी डोळा लावला. मान नेहमीसारखी डुगडुगत होती. मी मनात म्हटलं, आता दोन सेकंदांत येणार कौतुक. माझे कान तयारच होते.

कौतुक आलं नाही. दहा सेकंद झाले, वीस झाले. त्यांचा हात चाचपडत आला आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आई?" सुधीर म्हणाला. "त्रास होतोय का?"

"गप रे जरा." आणि मग हळूच, "मधल्या त्या थोरल्या चांदणीच्या अंगाला तीन बारक्या आहेत. चुलीचे दगड मांडावेत ना, तशा."

सुधीर एकदम वाकला. "तुला कुणी सांगितलं त्या तिघींचं?"

"सांगायला कशाला हवं? समोर मांडल्यात की." त्यांनी डोळा काढलाच नाही. "सुधीर, रागावू नकोस हो. याआधी मला तुझ्या दुर्बिणीतून काहीच दिसलं नव्हतं रे. मान ठरत नाही. तो ठिपका नुसता पळायचा. आज पळत नाहीये."

भोसल्यांनी उगाच खाकरून पाहिलं. सुधीर त्या आयपीसकडे आणि आईच्या हलत्या मानेकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं असावं.

"नऊ मिलिमीटर," तो म्हणाला. "अगं नंदिनी, एवढा रुंद उजेड! आईची मान इकडे जावो, तिकडे जावो, डोळा उजेडातच. माझ्या बावीसमधून तिचा डोळा निम्मा वेळ बाहेरच राहिला असता." आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला, हसू लागला, आणि हसता हसता त्यानं चष्मा काढला. पण पुसला नाही, हातातच धरून बसला. गाल ओले होते त्याचे. मीही पदर डोळ्याला लावला, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

"अरे, रडतोस काय वेड्यासारखा!" सासूबाई डोळा न हलवता ओरडल्या. "उठ, सरकव ती दुर्बीण. निघाल्या बघ माझ्या कृत्तिका."