इथं आधी काय होतं?

एक होता शिंपी, एक होती त्याची बायको, त्यांच्या पदरी एक बोलघेवडी लेक, आणि त्या तिघांच्या नशिबी आले मी. मी म्हणजे एक जागा. कोपऱ्यावरची, रस्त्याला लागून, तारेचं कुंपण घातलेली. आज मी बोलतेय, तर जरा टेका आणि ऐका. खाली मातीत बसू नका मात्र. त्या दगडावर बसा.

मला लिहिता-वाचता येत नाही. माझ्यावरून आजवर किती कागद झाले, किती सह्या पडल्या, त्यातलं एक अक्षर मला कळत नाही. पण माझ्या पोटात जे गेलं ते मी विसरत नाही. माणसं विसरतात. त्यांना तेवढी सोय दिलेली आहे.

फार पूर्वी मी नुसती गवताची होते. गांडुळं माझ्या पोटात बिऱ्हाड करून राहायची. टिटव्या उघड्यावर अंडी घालायच्या आणि कोणी जवळ आलं की सगळं रान डोक्यावर घ्यायच्या. तेव्हा मला भाव नव्हता, म्हणून तब्येत चांगली होती.

मग बॅटरीवाला आला. त्यानं माझ्यावर पत्र्याची शेड ठोकली. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या ढिगानं यायच्या. त्याची माणसं कुऱ्हाडीनं त्या फोडायची, आतलं तेजाब माझ्या अंगावर ओतून द्यायची आणि शिशाच्या पट्ट्या कढईत वितळवायची. धूर वर जायचा आणि त्यातली राख पुन्हा माझ्यावरच येऊन बसायची. तो काही राक्षस नव्हता बरं. माणसांना वेळेवर चहा द्यायचा. मांजरं पाळायचा. मांजरं टिकायची नाहीत, तेव्हा हळहळायचा आणि दुसरी आणायचा.

"एवढं तेजाब जातं कुठं हो?" एकदा कोणीतरी त्याला विचारलं.

"जातंय कुठं? जमिनीत मुरतं," तो म्हणाला. जसं काही मुरलं म्हणजे संपलं.

गांडुळं कधी गेली ते मला कळलंही नाही. भांडून गेली असती तर लक्षात राहिलं असतं.

पुढं त्याचा धंदा बसला. शेड उतरली, पत्रे विकले गेले, बॅटरीवाला गेला तो गेलाच. मग आला दलाल. सगळे त्याला गोडतोंड्या म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. त्यानं कुठूनशी लाल माती आणून माझ्यावर पसरली, वर हिरवळ अंथरली. आजारी माणसाच्या तोंडाला पावडर लावावी तसं मला सजवलं आणि कुंपणावर पाटी लावली.

जागा बघायला येणारी माणसं बघण्यासारखी असतात. कोणी पावलं टाकत मोजतो आणि मध्येच आकडा विसरतो. बायका स्वयंपाकघराची खिडकी कुठं ते ठरवतात. नवरे गाडी कुठं लावायची ते दाखवतात, आलेले असतात चालत. पाणी येतं का विचारतात, रस्ता रुंद होणार का विचारतात, शेजारी कसे आहेत विचारतात. माझी तब्येत कोणी विचारत नाही.

शिंप्याच्या बायकोनं मात्र विचारलं. ती कापड घेताना आधी उलटं करून बघणारी बाई. "सरळ बाजू काय, सगळ्यांचीच चांगली असते," म्हणायची. तिनं छत्रीचं टोक माझ्यात रोवलं आणि म्हणाली, "दादा, इथं आधी काय होतं?"

"काही नाही हो वहिनी. मोकळीच होती. तुमचीच वाट बघत होती म्हणा ना!"

शिंपी हसला. "अगं, कापड आहे का ते? जागा काय उलटी करून बघणार आहेस?"

तीही हसली आणि तिनं छत्री उपटून घेतली. टोकाला लाल मातीच लागली होती. आणखी चार बोटं खाली गेली असती तर काळी लागली असती. चार बोटं, बाई!

घर बांधायला काढलं. पाया खणताना माझ्या पोटातली काळी माती वर आली, त्यात काळ्या प्लास्टिकचे तुकडे. गवंडी म्हणाला, "कचरा असतोच हो रिकाम्या जागेत. पण माती बघा कशी काळीभोर आहे!" शिंपी हरखला. ती सगळी माती त्यानं वाया जाऊ दिली नाही. खिडकीखाली पसरून बाग केली. गाजरं लावली, पालेभाजी लावली.

पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालायचं आणि खिडकीखाली त्यांची लेक एक वाकडा चमचा घेऊन माझा चहा करायची. कपबशी मांडायची, पाहुण्यांना वाढायची आणि पाहुणे नाही प्यायले तर स्वतः खायची. आई आत रीळ दाखवायची, "हा कुठला गं?" आणि ही खिडकीतून ओरडायची, "जांभळा! हा आकाशी! हा मातकट!" मातकट म्हणाली की मला आपलं नाव घेतल्यासारखं वाटायचं.

मग तिची भूक गेली. पोट धरून बसायला लागली. उगाच चिडायची, चमचा फेकायची. आई म्हणायची दाढा येताहेत, बाप म्हणायचा लाडावलीय. एक दिवस आईनं निळं रीळ दाखवलं. पोर बघत राहिली. तोंड उघडलं, पण नाव काही येईना. आईला वाटलं चेष्टा करतेय. दुसरं रीळ दाखवलं, तिसरं दाखवलं. मग शिवणयंत्र थांबलं.

डॉक्टरांकडून परत आल्यावर शिंपी घरात गेलाच नाही. फावडं घेऊन खिडकीखाली उभा राहिला. पोरीच्या रक्तात शिसं निघालं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घराजवळ बॅटऱ्यांचं, रंगाचं काही काम होतं का? तो खणत गेला. फोडलेल्या बॅटऱ्यांच्या कवचांचे तुकडे निघत गेले.

कुंपणापलीकडची काकू बघत होती. म्हणाली, "अहो, बॅटऱ्याच फोडायचे इथं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आणि आम्ही भाजी लावली ती बघत होतात, काकू?" शिंप्याची बायको म्हणाली.

काकूनं पदर सारखा केला. "मी बोलले असते तर माझी जागा कोणी घेतली असती का गं?"

गोडतोंड्यालाही जाब विचारून झाला. तो दारात उभा राहून म्हणाला, "दादा, प्रत्येक जागेवर आधी काहीतरी असतंच. तुमचं घर आहे म्हणजे उद्या घेणाऱ्याला तुम्हीही आधीचेच की."

लेकीला मावशीकडे पाठवलं. माझी माती काढून टाकायची म्हणून एका ठेकेदाराला बोलावलं. त्यानं पुरुषभर खोल खणून सगळी न्यावी लागेल म्हणून सांगितलं. "नेऊन टाकणार कुठं?" शिंप्यानं विचारलं. ठेकेदार नुसता हसला. कुठं म्हणजे, कुणाच्या तरी जागेतच.

त्या संध्याकाळी दोघं पायरीवर बसली होती.

"विकू या," तो म्हणाला.

"आणि घेणाऱ्यांचं पोर?"

"आपलं पोर घेऊन किती दिवस बहिणीच्या दारात राहायचं? अडकलंय सगळं इथं. खरं सांगितलं तर कुत्रं तरी घेईल का?"

दुसऱ्या दिवशी लाल माती आली. बायकोनं ती स्वतः पसरली, अगदी हात फिरवून, कपड्याला अस्तर लावावं तशी. काम सुबक होतं तिचं.

बघायला आलं ते एक तरुण जोडपं, बाईच्या कडेवर बाळ. नवरा पावलं टाकत मोजायला लागला. बाईनं खाली वाकून माती चुरली, वास घेतला. मग म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण इथं आधी काय होतं?"

मी वाट बघत होते. इतक्या वर्षांत कोणी कोणाला खरं सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण हिनं कापड उलटं करून बघितलेलं होतं. तिनं बाळाकडे बघितलं. त्याच सकाळी तिची लेक मावशीच्या फोनवरून "निळा" म्हणाली होती. खूप दिवसांनी.

"काही नाही हो," ती म्हणाली. "मोकळीच होती."

शिंप्याची बायको फाटकापर्यंत गेली आणि परत आली. "एक सांगू? बाळाला खाली सोडू नका."

"का हो ताई?"

"मुंग्या आहेत."

नवी बाई हसली. "मुंग्या काय, सगळीकडेच असतात!"

माझ्यात एक मुंगी नाही.

काकू परवा कुंपणावरून नव्या बाईला सांगत होती. शिंप्यानं दुसऱ्या मजल्यावर घर घेतलंय, जमिनीचा संबंध नाही. दुकान जोरात चालतंय. पोरगी दिवसभर बडबडते, सगळ्या रंगांची नावं परत आली म्हणे. "नशीब काढलं हो त्यांनी," काकू म्हणाली, आणि नवी बाई म्हणाली, "आमचंही तसंच होऊ दे."

बाळ रांगत पायरीपर्यंत आलंय. खिडकीखाली त्याला एक वाकडा चमचा सापडलाय.