उंदराचं निशाण

मर्डो मॅकॅस्किलने पाणबुडीवरून शेवटचा दोर सोडला आणि कॅम्बेलटाउनच्या धक्क्यावरून नेहमीचा टोमणा आला, "उंदीर निघाला रे, मांजरं सोडा!"

आज मांजरं यायची नव्हती. म्हातारी पाणबुडी मोडीत निघाली होती. पहिल्या महायुद्धातली ही बोट. दुसऱ्यात तिला पुन्हा पाण्यात ओढलं ते नवशिक्या जहाजांच्या सरावासाठी. चार वर्षं रोज सकाळी ती बुडी मारायची आणि वरची जहाजं यंत्राला कान लावून तिला हुडकायची. आत पाणी झिरपायचं, हवा कोंदायची, डोकी भणभणायची. तरी माउली दुसऱ्या दिवशी हजर. कुणाला सापडलीच नाही, तर आपणहून धुराची खूण वर सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून शोधू द्यायची. शत्रूवर मात्र तिने एकही टॉर्पेडो सोडला नव्हता.

मर्डोला तेच सलत होतं. रविवारी चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी तो सांगे, मग सारी मंडळी ती उचलून धरत. त्यांचा सूर चढला की सांगणाऱ्याचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही, बोटीचं वाटे.

लढाईवरून परतणाऱ्या पाणबुड्या काळं निशाण लावत, बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे त्यावर एक पांढरी पट्टी. हिच्यासाठी त्याच्या बायकोने, पेगीने, काळ्या कापडावर पांढरा उंदीर शिवला होता.

"मोकळ्या काठीने जाऊ देऊ नकोस तिला," ती म्हणाली होती.

आणखी हसं व्हायला नको, म्हणून त्याने ते खिशात कोंबलं होतं.

खाडीच्या तोंडाशी अटलांटिकवरून मालजहाजांचा ताफा राखून परतणारी गंजलेली युद्धनौका समोर आली. रीत अशी, की धाकट्या हुद्द्याच्या कप्तानाने शिट्टी वाजवून आधी मान द्यायचा. पाणबुडीचा कप्तान पॅस्को तर पोरसवदा. मर्डोने शिट्टी ओठांना लावली.

शिट्टी तिकडूनच वाजली. लांबलचक. नौकेवरचे खलाशी झाडून सगळे कठड्याशी ताठ उभे होते.

"चुकले वाटतं," मर्डो पुटपुटला.

नौकेवरचा खुणेचा दिवा उघडझाप करू लागला. पॅस्को अक्षरं जुळवत जुळवत वाचू लागला, "आमचे कान तुमच्याकडे तयार झाले. ताफा सगळा घरी आणला."

मग तो बराच वेळ दुर्बीण पुसत राहिला.

"उत्तर द्या, मर्डो."

मर्डोची पहिली फुंकर फुकट गेली, दुसरी लागली. शिट्टी संपल्यावर त्याने खिशातलं कापड काढलं आणि मान वर न करता काठीवर चढवलं.

"शेपटी वर झालीय," पॅस्को म्हणाला. "सरळ करा."

मर्डोने निशाण उतरवलं, सरळ केलं आणि पुन्हा चढवलं. या वेळी अगदी टोकापर्यंत.