पिवळ्या पायांची पारख

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी लग्न होऊन त्या घरात नुकती रुळत होते, आणि त्याच वर्षी पिवळा मका बाजारातून असा नाहीसा झाला की मामंजी सकाळी चहाच्या आधी खाद्यवाल्याला शिव्या घालत आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा घालत. आमचा धंदा मांसासाठी कोंबड्या वाढवायचा. घरामागे दोन लांब शेड होत्या. एक आमचे हे बघत, दुसरी माझी थोरली नणंद. तिचा नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती. मी तिला वन्सं म्हणत असे. घरात तिचं ताट मांडलेलं असे, पण पाट सरकवून 'बस' असं मामंजी कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

मामंजींना विनोदाची फार आवड. फक्त तो दुसऱ्याच्या वर्मी बसेल असाच हवा.

आमचे पक्षी नेणारा व्यापारी एकच. तो स्वतःचा टांगता काटा बरोबर आणायचा, म्हणून त्याला सगळे काटेवाले म्हणत. त्याची बायको गेली होती. तिला त्या घरात मोठ्याने हसताना कुणी ऐकलं नव्हतं, एवढंच शेजारीपाजारी सांगत, आणि पुढचं विचारलं की विषय बदलत. त्याने वन्संना मागणी घातली. मामंजींच्या दृष्टीने हे सोन्याहून पिवळं होतं. मुलगी जाईल आणि गिऱ्हाईक कायमचं बांधलं जाईल.

वन्संना ते नको होतं. त्यांना त्याच घरात राहायचं होतं, स्वतःच्या शेडच्या जोरावर. मग एका रात्री जेवताना त्या म्हणाल्या की मक्याशिवायही पक्षी वाढतात, मी वाढवून दाखवते. साबुदाणा ज्याचा करतात तो साबुकंद मुबलक आहे, तो वाळवून दळायचा. महाग सुकटीऐवजी सूर्यफुलाची पेंड आणि भाजलेले सोयाबीन घालायचे.

मामंजी हात चाटत म्हणाले, "दाखव. काटेवाल्यांनी तुझे पक्षी तुझ्या भावाच्या पक्ष्यांसारखेच पसंत केले, तर शेड तुझी आणि लग्नाचा विषय या घरात निघणार नाही. नापसंत केले, तर तू त्यांच्या घरी."

"मागणी घालणारेही तेच आणि पसंत करणारेही तेच?"

"काट्यापुढे माणसाचं काय चालतं?"

आमचे हे हळूच म्हणाले, ताई, नको. त्यावर वन्सं म्हणाल्या, "माझ्याकडे पणाला लावायला दुसरं आहे काय रे?"

त्यानंतरचे दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. साबुकंदाची साल काढायची, काप करायचे, ते पाण्यात भिजवून त्यातला कडवटपणा घालवायचा आणि गच्चीवर वाळत घालायचे. सगळी गच्ची पांढरी होऊन जायची आणि आंबूस वास जिन्यापर्यंत उतरायचा. त्याचं पीठ इतकं हलकं की पक्ष्यांना ठसका लागे. वन्संनी त्यावर काकवीचं पाणी शिंपडून बघितलं आणि ठसका थांबला. त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन गिरकी मारून दाखवली. चाळिशीला टेकलेली बाई, हातभर पीठ माखलेलं.

आमच्याकडे एक दंडक होता. मी यायच्या आधी एका साथीत दोन्ही शेड रिकाम्या झाल्या होत्या. तेव्हापासून एका शेडच्या माणसाने दुसऱ्या शेडच्या दारातही उभं राहायचं नाही. रोग चपलेतून जातो म्हणत. दोन्हीकडे जाणारे एकटे मामंजी. दारातल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि तिथले वेगळे बूट चढवून आत जायचे. त्यामुळे वन्संना फक्त आपले पक्षी दिसत आणि आमच्या ह्यांना फक्त आपले. मला तर दोन्हीकडे मज्जाव, कारण मी सगळ्यांचं जेवण करत होते.

दर आठवड्याला दोघं आपापल्या पक्ष्यांची वजनं जेवताना सांगत. सुरुवातीला वन्संचे पक्षी मागे होते, मग बरोबरीला आले. त्या दोन घास जास्त खाऊ लागल्या. एकदा मामंजींनी विचारलं, पक्षी दिसतात कसे? वन्सं अभिमानाने म्हणाल्या की सगळे एकसारखे, डावंउजवं काढायला जागा नाही. मामंजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आम्हाला वाटलं, म्हातारा खूश आहे.

पक्षी न्यायच्या दिवशी काटेवाले आले. मागच्या अंगणात काटा टांगला. आधी ह्यांचे पक्षी झाले, मग वन्संचे. वजन भरलं, अगदी थोडं जास्तच. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला, हसू लपवायला.

मग काटेवाल्यांनी ह्यांच्या शेडमधला एक पक्षी एका हातात उलटा धरला आणि वन्संचा दुसऱ्या हातात. दोन्ही हात पुढे केले. ह्यांच्या पक्ष्याचे पाय हळदीत बुडवल्यासारखे. वन्संच्या पक्ष्याचे मेणबत्तीसारखे फिकट, चोचही तशीच. मका मिळेना झाला तरी जिकडून तिकडून गोळा करून मामंजी तो ह्यांच्याच शेडला देत होते. पायांचा पिवळेपणा त्या मक्यातला. साबुकंदात बाकी सगळं होतं, तो रंग तेवढा नव्हता. वन्संचे सगळेच पक्षी रोज थोडे थोडे फिके होत गेले, आणि शेजारी धरून बघायला त्यांच्याकडे दुसरा पक्षीच नव्हता.

"आजारी दिसतात," काटेवाले म्हणाले. "नापसंत."

वन्सं काट्याला धरून उभ्या राहिल्या. मामंजी खुर्चीतून म्हणाले, "रोज मूठ मूठ वाळलेला लसूणघास मिसळला असतास तर पाय पिवळे राहिले असते. आपल्या गाईपुढे पडलेला असतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाय फिकट पडायला लागले तेव्हापासून बघतोय."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू विचारलं नाहीस."

आमचे हे तेवढं म्हणाले की हा न्याय नाही. मामंजींनी त्यांना दोरी आणायला पाठवलं, आणि ते गेले.

वन्संनी हार मानली नाही. दोन्हीकडचा एकेक पक्षी कापा, शिजवा आणि खाऊन बघा, म्हणाल्या. मी दोन पातेल्यांत सारखंच मीठ-मसाला घालून शिजवलं. कुठलं कुणाचं हे फक्त मला ठाऊक होतं. काटेवाल्यांनी दोन्ही खाल्लं आणि पुन्हा मागितलं ते नेमकं वन्संच्या पातेल्यातलं. मी तसं सांगितलं. वन्संनी मामंजींकडे बघितलं. मामंजींनी हाडातला मगज निवांतपणे चोखला.

"चव छान आहे," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक आधी पाय बघतं. अट पसंतीची होती, चवीची नव्हती."

वन्संनी हात धुतले, पाटी उचलली आणि शेडमध्ये गेल्या. पक्ष्यांची खायची वेळ झाली होती.

लग्न त्याच अंगणात झालं. नापसंत झालेले पक्षी काटेवाल्यांनी पंगतीलाच घेतले. पातेल्यात पाय कोण बघतो, असं स्वतःच म्हणाले आणि सगळे हसले. पाहुण्यांनी बोटं चाटली. एक बाई वन्संच्या कानाशी लागून म्हणाली, असं लुसलुशीत मांस कुठून आणलंत हो? वन्सं म्हणाल्या, घरचंच आहे.

पुढच्या खेपेला मामंजींनी दोन्ही शेडना साबुकंदच लावला, लसूणघास घालून. काकवीचं पाणीसुद्धा विसरले नाहीत. पाय पिवळेधमक झाले. लांबून लोक बघायला येत आणि मामंजी सगळ्यांना सांगत की हे मिश्रण मी डोकं लढवून काढलं.

आमच्या ह्यांनी जन्मभर त्याच खाद्यावर धंदा केला आणि त्यावरच हे घर बांधलं. ताईचं नाव निघालं की ते उठून शेडमध्ये जात. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काटेवाले एका सकाळी काटा टांगताना कोसळले ते उठले नाहीत. माणसं भेटायला गेली तेव्हा वन्सं काटा पुसत बसल्या होत्या. पुढे पक्षी न्यायला त्या स्वतः येऊ लागल्या. वजन करायच्या, पाय कधी बघायच्या नाहीत. घरात पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, अंगणातूनच परत जायच्या. त्या शेवटपर्यंत एकट्या राहिल्या आणि एकट्याच गेल्या. त्यांचा काटा माझ्याकडे आहे.

त्या पक्षी न्यायला येत होत्या त्याच काळात मामंजींचं यकृत गेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना काही सांगू नका, आरसाही खोलीत ठेवू नका. आम्ही सगळे रोज त्यांना सांगत होतो की आज तुम्ही बरे दिसता. शेवटी त्यांनी वन्संना बोलावणं धाडलं. तेवढ्यासाठी त्या घरात आल्या. पलंगापाशी उभ्या राहिल्या.

"ही सगळी खोटं बोलतात," मामंजी म्हणाले. "तू सांग. मी कसा दिसतो?"

वन्संनी पायावरचं पांघरूण बाजूला केलं आणि नीट वाकून बघितलं.

"विचारलंत म्हणून सांगते, बाबा. छान पिवळे झालात. काटेवाल्यांनी तुम्हाला डोळे झाकून उचललं असतं."

पांघरूण परत घातलं, कडा नीट खोचल्या, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "वहिनी, आज तुझ्याकडे जेवून जाते."